खळ्यावरचे खेळ आणि मंडळीतील तरुण

वाचावयाचे भाग : २ शमुवेल २:१२–२३ व २३:१३–१७, नहेम्या ४, जखऱ्या ८:४–५, मत्तय ११:१६–१७, प्रेषित ११:२२–२६, १ करिंथकर ९:२४–२७, २ तीमथ्य २:५.



बुलढाणा जिल्ह्यात घाटावर व घाटाखाली जे उपदेशक आणि शब्बाथ शाळांचे शिक्षक सेवा करीत आहेत, त्यांच्याकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार येतो. मंडळीतील तरुण उपासनेस येतात, परंतु मागल्या रांगेत दाराजवळ बसतात, आणि आशीर्वाद उच्चारला जाताच पाखरांप्रमाणे उडून जातात. त्यांस मंडळीच्या जीवनात गुंतवावे कसे? दुसरा प्रश्न मंडळीतील वडील माणसांचा आहे. देवाच्या मंदिराच्या आवारात मुलांनी हुतुतू घालावा, लगोऱ्या फोडाव्या, आरडाओरड करावी, हे शोभते काय? आमच्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. ज्या गावी वडिलांनी आवाराचे फाटक लावून घेतले, त्या गावी तरुण पानठेल्याच्या बाकावर जाऊन बसले, इतकेच; तेथे त्यांस कोणी फाटक लावले नाही.

प्रथम वडिलांच्या शंकेचा विचार करू, कारण ती टाकून देण्याजोगी नाही. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनी जत्रा सोडली, तमाशा सोडला, जुगार सोडला. आणि हे सोडताना त्यांस पुष्कळ सोसावे लागले. जे त्यांनी एवढ्या किमतीने बाहेर टाकले ते आता मागल्या दाराने आत येते की काय, ही त्यांची भीती आहे. तिला उत्तर शास्त्रातूनच दिले पाहिजे.

जखऱ्या संदेष्टा यरुशलेम पुन्हा वसल्याचे चित्र काढतो, तेव्हा तो सोन्याचे कळस व तटबंदी ह्यांचे वर्णन करीत बसत नाही. त्यास दोन गोष्टी दिसतात. हातात काठी धरलेली म्हातारी माणसे चौकांत बसली आहेत, आणि त्याच चौकांत मुलेमुली खेळत आहेत. ही दोन वचने एकापुढे एक आहेत. म्हातारे बसलेले आहेत म्हणून मुलांनी गप्प राहावे, असे संदेष्टा म्हणत नाही. दोघेही एका चौकात मावतात, हेच देव त्या नगरात परत आल्याचे लक्षण होय. आमच्या प्रभूनेही बाजारात खेळणाऱ्या मुलांकडे लक्ष देऊन पाहिले होते. लग्नाचा खेळ, मयताचा खेळ, आणि कशालाच तयार नसलेले रुसके सोबती, हे सर्व त्याच्या ध्यानात होते. ज्याने मुलांचा खेळ इतक्या बारकाईने पाहिला, त्याच्या घराच्या अंगणात खेळास मज्जाव असेल, असे आम्हांस वाटत नाही.

पौलाची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत, आणि जिंकणाऱ्यास पाइनच्या डहाळ्यांचा किंवा वाळक्या पाल्याचा मुगुट मिळे. ते खेळ परक्या दैवताच्या नावाने होत. तरीही प्रेषिताने करिंथकरांस लिहिताना धावणाऱ्याचा नेम, त्याचे इंद्रियदमन, त्याची तयारी ह्यांचा दृष्टांत घेतला, आणि तो पाल्याचा मुगुट सुकणारा आहे ह्याची आठवणही दिली. तीमथ्यास लिहिताना त्याने एक गोष्ट जोडली : नियमाप्रमाणे न खेळणाऱ्यास मुगुट मिळत नाही. आमच्या तरुण संघांस ह्या एका वाक्याची फार गरज आहे. तिचे कारण पुढे येईल.

आता दुसरी बाजू. शास्त्रात खेळाची एक भयंकर कथाही आहे, आणि ती तरुणांच्या पुढाऱ्यांनी वाचल्यावाचून मैदानावर पाऊल ठेवू नये. गिबोनाच्या तळ्यापाशी अबनेर आणि यवाब आपापले लोक घेऊन समोरासमोर बसले होते. अबनेराने सुचविले की, तरुणांनी उठून आमच्यापुढे खेळ करावा. यवाबाने ते मान्य केले. इकडचे बारा व तिकडचे बारा उठले. प्रत्येकाने समोरच्याचे डोके धरले आणि त्याच्या कुशीत तलवार खुपसली. चोवीसही एकदम पडले. पुढे लढाई पेटली, आणि सूर्य मावळण्यापूर्वी चपळ पायांचा असाएल मारला गेला. हा खेळ कोणी मांडला? तरुणांनी नव्हे. दोन पुढारी बसून राहिले, आणि आपले वैर त्यांनी तरुणांच्या हातून खेळविले.

दोन मंडळ्यांच्या एका मेळाव्यात ह्याची लहानशी प्रत आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. हुतुतूत एका गड्याचा दम तुटला की नाही, एवढाच वाद होता. पण दोन्ही गावांच्या प्रौढ मंडळींनी त्यात उडी घेतली, जमिनीच्या जुन्या बांधाचे भांडण वर आले, आणि दुपारच्या पंगतीत दोन्ही गावांचे तरुण एकमेकांकडे पाठ करून जेवले. म्हणून आमचा नियम असा की, पंच तिसऱ्या गावचा असावा, त्याच्याशी फक्त दोन्ही संघांच्या नायकांनी बोलावे, आणि रेषेबाहेरच्या वडिलांनी टाळ्या वाजविण्यापलीकडे तोंड उघडू नये. हा नियम ज्यांस मान्य नसेल त्यांनी सामनाच ठेवू नये.

ख्रिस्ती मंडळ्यांनी तरुणांच्या खेळांकडे लक्ष देणे ही काही आजची टूम नाही. १८४४ साली लंडन शहरात जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापडाच्या दुकानातील तरुण नोकराने आपल्या सोबत्यांसह प्रार्थनेचा व अभ्यासाचा एक मेळा सुरू केला. तोच पुढे वाय. एम. सी. ए. ह्या नावाने जगभर पसरला. १८८१ साली अमेरिकेत पोर्टलंड येथील पाळक फ्रान्सिस क्लार्क ह्यांनी ख्रिश्चन एन्डेव्हर नावाचे तरुणांचे मंडळ काढले. त्यात प्रत्येक तरुणाने काही ना काही काम अंगावर घ्यावयाचे, नुसते ऐकणारा म्हणून बसावयाचे नाही, असा दंडक होता. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ ह्यांनी बास्केटबॉल रचला. हे गृहस्थ कॅनडात पाळकपणाचे शिक्षण घेतलेले होते. हिवाळ्यात घरात कोंडलेल्या अठरा दांडग्या विद्यार्थ्यांस आवरण्याचे काम त्यांच्याकडे आले. पीच फळाच्या दोन टोपल्या सज्जास ठोकून त्यांनी तेरा नियम लिहिले. त्या नियमांतील मर्म आमच्या शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. चेंडू घेऊन धावावयाचे नाही. म्हणून धावणाऱ्यास पाडण्याचे कारण उरले नाही. टोपली डोक्याच्या वर. म्हणून चेंडू जोराने फेकून उपयोग नाही, तो हलकेच सोडावा लागतो. दांडगाई करू नका असे नुसते सांगत न बसता, दांडगाईस जागाच राहणार नाही असा खेळ त्यांनी रचला. चार वर्षांनी, १८९५ साली, विल्यम मॉर्गन ह्यांनी होल्योक येथे व्हॉलीबॉल काढला, तोही वाय. एम. सी. ए. मध्येच; त्यात तर मध्ये जाळे असल्यामुळे अंगास अंग लागतच नाही. आपल्या देशात १९२० साली मद्रास येथे हॅरी क्रो बक ह्यांनी वाय. एम. सी. ए. ची शारीरिक शिक्षणाची शाळा स्थापिली.

परंतु ह्यावरून कोणी असे समजू नये की, परदेशी चेंडू तेवढा ख्रिस्ती आणि आपला हुतुतू मात्र जुन्या जीवनातला. ही समजूत आम्हांस हास्यास्पद वाटते. आमच्या वऱ्हाडातच, अमरावतीस, १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या गड्यांनी आपले देशी खेळ जगास दाखविले. खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत पुरुष व स्त्रिया अशा दोन्ही गटांत भारताचाच संघ विजयी झाला. ज्या खेळास चेंडू लागत नाही, पैसा लागत नाही, तो आपल्या अंगणात असता दुसरीकडे कशास पाहावे?

मैदानाविषयी थोडे. आपली काळी जमीन पावसात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत पाय गेला की घोटा मुरगळलाच. सबब शेतात खेळू नये. मंदिराचे आवार लहान असेल तर एखाद्या बंधूचे खळे मागून घ्यावे. खळे चोपून सारखे केलेले असते, आणि रास उचलल्यावर ते मोकळेच पडते. रेषा आखण्यास राख वापरावी. चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते. वेळेचे म्हणाल तर सोयाबीन काढणी व कापूस वेचणी चालू असता तरुणांस खेळास बोलाविणे म्हणजे त्यांच्या आईबापांशी वैर धरणे होय. माघ–फाल्गुनातील चांदण्या रात्री उत्तम. वैशाखात पहाटेखेरीज नाव काढू नये, आणि पाण्याची घागर आधी भरून ठेवल्यावाचून पहाटेही नाही.

आता खेळांकडे वळू. खो-खोस आम्ही पहिला मान देतो. दोन खुंटांच्या मध्ये आठ गडी आळीपाळीने तोंडे उलट करून बसतात, नववा पाठलाग करितो. पाठलाग करणाऱ्यास मधून आडवे जाता येत नाही, निघाल्या दिशेकडून खुंट ओलांडल्यावाचून मागे वळता येत नाही. बसलेल्याने आपण होऊन उठावयाचे नाही. पाठीवर थाप पडली आणि खो शब्द ऐकू आला, म्हणजेच उठावयाचे. ह्या खेळात तरुणांस सर्वांत कठीण काय जाते, हे शिक्षकाने पाहावे. धावणे नव्हे, बसणे कठीण जाते. गडी डोळ्यांपुढून निसटतो, पाय शिवशिवतात, आणि तरीही खो मिळेपर्यंत बसावे लागते.

खेळ संपल्यावर सर्वांस तेथेच खळ्यावर बसवून प्रेषितांची कृत्ये, अध्याय अकरावा उघडावा. अंत्युखियात मंडळी वाढली तेव्हा बर्णबास तेथे होता. काम त्याच्या एकट्याच्याने आटोपणारे नव्हते. शौल त्या वेळी तार्सात होता. त्याचे कोणास स्मरण होते असे दिसत नाही. बर्णबास उठून तार्सास गेला, त्यास शोधले आणि अंत्युखियास आणले. बर्णबासाने खो दिला आणि शौल उठला. पुढे तो किती धावला हे आपण जाणतो. मार्काचीही गोष्ट ह्याच पंगतीत सांगावी. तो एकदा अर्ध्यावरून परतला होता, म्हणून पौल त्यास पुन्हा घेईना. बर्णबासाने त्यास घेतले, आणि उतारवयात पौलानेच त्यास बोलावून घेण्यास तीमथ्यास लिहिले. ह्यानंतर शिक्षकाने एक प्रश्न टाकावा : आजच्या खेळात गडी कोणी बाद केला हे सर्वांस ठाऊक आहे, पण त्याच्या आधी खो कोणी दिला? बहुधा कोणास आठवत नाही. पुढल्या खेपेस वहीत बाद करणाऱ्याच्या नावाबरोबर खो देणाऱ्याचेही नाव लिहावे. एवढ्या एका नोंदीने खेळाचा रंग कसा पालटतो, हे आम्ही पाहिले आहे. चपळ मुलांचीच नावे वहीत येत, तेथे हळू पायाच्या पण सावध मुलांची नावे येऊ लागतात.

लगोरी हा नहेम्याच्या चौथ्या अध्यायाचा खेळ आहे असे आम्ही नेहमी म्हणतो, आणि मुले हसतात. पण अध्याय वाचून दाखविला की हसणे थांबते. सात चपट्या ठिकऱ्या एकावर एक रचावयाच्या, चिंध्यांच्या चेंडूने त्या पाडावयाच्या, आणि पाडणाऱ्यांनीच त्या पुन्हा रचावयाच्या. विरुद्ध बाजू चेंडू मारून त्यांस बाद करीत असते. ह्यात आम्ही एक फरक करितो. रचणाऱ्या बाजूचे दोन भाग पाडावे. अर्ध्यांनी रचावे, अर्ध्यांनी आड उभे राहून हातांनी चेंडू थोपवावा. नहेम्याच्या लोकांनी असेच केले : अर्धे कामास आणि अर्धे भाले व ढाली घेऊन उभे. रचणारा व राखणारा ह्यांपैकी एक नसला तर भिंत होत नाही. त्या अध्यायात लोक दमल्याची व ढिगारा फार असल्याची तक्रारही आहे. ती गाळू नये, कारण पुढे बावन्न दिवसांत तट पुरा झाला हे कळण्यास आधीची निराशा ठाऊक असावी लागते.

मात्र लगोरीवर हा पाठ थांबवू नये. ज्येष्ठ लागण्यापूर्वी मंडळीतील एखाद्या विधवेच्या घराची भिंत ढासळलेली असतेच, कौले सरकलेली असतात. ज्या दोन गटांनी लगोरी खेळली, त्याच दोन गटांनी एक दिवस माती कालवून ती भिंत सावरावी, आणि नहेम्याचा तिसरा अध्याय, ज्यात कोणी कोणासमोरची भिंत बांधली ह्याची नावनिशीवार यादी आहे, तो त्या भिंतीपाशी वाचावा. एरवी ती यादी मुलांस कंटाळवाणी वाटते. हात मातीने माखलेले असता ती ऐकणे निराळे.

हुतुतूविषयी एक इशारा. काही उत्साही शिक्षक, बाद झालेला गडी पुन्हा उठतो ह्यावरून पुनरुत्थानाचा पाठ लावतात. कृपा करून असे करू नये. जे रहस्य थडग्यापाशी रडत सांगावयाचे, ते हुतुतूच्या पाटीवर स्वस्त होते. खेळातील प्रत्येक गोष्टीस शास्त्रातील जोड लावलीच पाहिजे असे नाही. मुले नुसती खेळून घरी गेली तरी काही बिघडत नाही. पण जोड हवीच असेल तर ती दावीदाच्या तीन वीरांची घ्यावी. पलिष्ट्यांची छावणी फोडून ते बेथलेहेमाच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी घेऊन परत आले, आणि दावीदाने ते न पिता परमेश्वरापुढे ओतले. चढाई करणाऱ्यास ती कथा लगेच समजते. आत जाणे सोपे, परतणे कठीण. आणि परतून जे आणिले ते आपल्या पोटासाठी नव्हे.

ज्यांस धावता येत नाही त्यांच्यासाठीही काही असावे. चौघांनी एका चादरीची चार टोके धरून तीत भरलेली परात ठेवावी आणि अडथळ्यांतून पलीकडे न्यावी. पक्षाघाती मनुष्यास खाटेवर आणणाऱ्या चौघांची कथा त्यास जोडावी. मूळ खेळ पाण्याचा आहे. परंतु चैत्रानंतर आमच्या गावांत बायका टँकरची वाट पाहत उभ्या असता खेळात पाणी सांडणे बरे नव्हे. परातीत ज्वारी घ्यावी, आणि सांडलेले दाणे सर्वांनी मिळून वेचावे. आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेल्यास एकाच ओळखीच्या आवाजाने वाट दाखवावी आणि बाकीच्यांनी खोट्या हाका माराव्या. योहानाचा दहावा अध्याय त्यानंतर वाचला म्हणजे फार बोलावे लागत नाही. पावसाळ्यात घरात बसून वचनांच्या भेंड्या लावाव्या. शेवटच्या अक्षरावरून वचन म्हणावयाचे, आणि ते कोठले आहे हेही सांगावयाचे. सहासष्ट पुस्तकांतून अध्याय व ओवी शोधून काढण्याची चढाओढही चांगली; पण ती छापील पुस्तकावर व्हावी, मोबाईलवर नको. मोबाईल वचन शोधून देतो खरा, परंतु यशया कोठे संपतो व यिर्मया कोठे लागतो हे तो शिकवीत नाही. आणि ज्या मुलामुलींस वाचन नीट येत नाही त्यांस अशा चढाओढीत कधीही एकटे उभे करू नये. त्यांस भेंड्यांत बसवावे. पाठांतरात तीच पुष्कळदा पुढे असतात.

गाणेबजावणे हाही विश्वास दृढ करण्याचा मार्ग आहे. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे ह्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तने केली, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगांतून व कीर्तनांतून प्रभूची कथा मराठी कानांस आपली करून दिली. आपल्या तरुणांनी हिवाळ्याच्या दोन महिन्यांत गिदोनावर किंवा एस्तेरेवर स्वतः पोवाडा रचावा, डफ वाजवून नाताळात म्हणावा. यमके चुकतील, चुकू द्यावी.

मुलींचे काय, असे आमच्या भगिनी विचारतील, आणि त्यांचे विचारणे योग्यच आहे. तरुण संघ म्हणजे तरुणांचाच संघ, अशी पुष्कळ गावी स्थिती आहे. मुली स्वयंपाक करावयास व नाताळात कागदी पताका चिकटवावयास तेवढ्या बोलाविल्या जातात. आईबाप सायंकाळी त्यांस पाठवीत नाहीत, ह्यात त्यांचा दोष नाही. म्हणून मुलींचा खेळ रविवारी उपासनेनंतर दिवसाउजेडी, आवारातच आणि एखाद्या जबाबदार भगिनीच्या देखरेखीखाली ठेवावा. खो-खो, लंगडी, झिम्मा, फुगडी ह्यांपैकी काय खेळावयाचे ते त्यांनीच ठरवावे. झिम्म्याची गाणी त्यांस स्वतः रचता येतात. बंधूंनी त्यांस शब्द शिकवावयास जाऊ नये.

गडी वाटण्याविषयी आम्हांस जरा कठोर बोलणे प्राप्त आहे. बाप्तिस्मा झाला तरी आळी सुटत नाही. नायकास गडी निवडू दिले की तो आपल्या आळीचे, आपल्या भाऊबंदांचे गडी घेतो, आणि पूर्वीची जात प्रभूच्या मंडळीत दोन संघ होऊन समोरासमोर उभी राहते. शेवटी नेहमी तीच दोन मुले उरतात, ज्यांस कोणी मागत नाही. हे एकदा घडले तर खेळ. दर आठवड्यास घडले तर तो एक धडा होतो, आणि तो उपदेशकाच्या प्रवचनापेक्षा अधिक खोल जातो. म्हणून आपल्याकडची जुनी रीत धरावी. सारख्या बळाच्या दोघादोघांनी जोडी करून दूर जावे, एकाने आंबा व एकाने चिंच असे काही गुप्त नाव घ्यावे, आणि नायकाने नाव ऐकून निवड करावी. आंबा कोणत्या आळीचा, हे त्यास कळत नाही. जोड्या शिक्षकाने लावाव्या, आणि भाऊ भावाशी, शेजारी शेजाऱ्याशी जोडावा, म्हणजे ते समोरासमोरच्या बाजूंस जातील व दोन्ही आळ्या दोन्ही संघांत मिसळतील.

बक्षिसे असावीत काय? आमचे मत विरुद्ध आहे. चषक आला की वर्गणी आली, वर्गणी आली की पुढारी आला. दोन्ही बाजूंस एकाच घागरीतले पन्हे पुरे.

शेजारच्या इतर धर्मीयांची मुले खळ्याच्या कडेला येऊन उभी राहतातच. त्यांस हाकलू नये, आणि त्यांच्यासाठी जाळेही लावू नये. त्यांच्या वडिलांस आधी जाऊन भेटावे, येथे खेळ होतो आणि खेळानंतर आम्ही शास्त्र वाचतो, हे स्पष्ट सांगावे. आणि वाचनाच्या वेळी ज्या मुलास घरी जावयाचे असेल त्यास मोकळेपणाने जाऊ द्यावे. खेळाचे आमिष दाखवून कानावर घातलेले वचन आपल्या प्रभूच्या रीतीस धरून नाही. त्याने श्रीमंत तरुणासही जाऊ दिले.

वर्षातून एकदा तरुणांस लोणारास न्यावे असे आम्ही सुचवितो. मेहकर, चिखलीकडील मंडळ्यांस ते दूर नाही. आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेले सुमारे १·८ किलोमीटर रुंदीचे ते विवर पाहावयास जगातून लोक येतात, आणि आपल्यातील कित्येकांनी ते पाहिलेले नाही. जून २०२० मध्ये तेथील पाणी गुलाबी झाले तेव्हा गावोगाव नाना तर्क उठले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे झाले, असे तपासाअंती शास्त्रज्ञांनी सांगितले. काठावर बसून ईयोबाचा अडतिसावा अध्याय वाचावा. ज्या तरुणास शाळेतले विज्ञान आणि मंदिरातले शास्त्र ह्यांत एकच निवडावे लागेल असे वाटते, त्यास तेथे मनमोकळे बोलू द्यावे. उत्तर देण्याची घाई करू नये. स्थळ अभयारण्याचे आहे, म्हणून विस्तव पेटवू नये, कचरा टाकू नये. आणि काठावरील जुन्या देवळांविषयी कोणी टवाळीचा शब्द काढल्यास त्यास तेथेच थांबवावे.

शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे फार थोड्या ठिकाणी लक्ष दिले जाते. दसऱ्यानंतर कित्येक घरे ऊस तोडावयास किंवा वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती उन्हाळ्यात परततात. त्यांच्याबरोबर तरुणही जातात. परत येतात तेव्हा संघ भरलेला असतो, नवे विनोद झालेले असतात, नवी गाणी बसलेली असतात, आणि हे मागल्या रांगेत दाराजवळ जाऊन बसतात. आरंभी सांगितलेली ती रांग पुष्कळ अंशी अशीच भरते. म्हणून वहीतून त्यांची नावे खोडू नयेत. गावातून निघण्यापूर्वीच्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी. संघातील एकेका तरुणाने एकेका गेलेल्या सोबत्याची जबाबदारी घेऊन आठवड्यास एकदा त्याच्याशी फोनवर बोलावे, त्या आठवड्याचे वचन त्यास सांगावे, आणि त्याच्याकडूनही एक ऐकावे. ते परत येतील त्या पहिल्याच चांदण्या रात्री खो-खो मांडावा, आणि पहिला खो त्यांस मिळावा.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : गिबोनाच्या तळ्यापाशी खेळ कोणी सुचविला, आणि मेले कोण? तुमच्या गावच्या मागल्या सामन्यात रेषेबाहेरून कोण कोण बोलले? तार्सात बसून राहिलेला तुमच्या मंडळीतील तरुण कोणता, आणि त्याच्याकडे कोण जाईल? मागल्या तीन खेपा गडी वाटताना शेवटी कोणाकोणाची नावे उरली? ह्या वर्षी कोणाच्या घराची भिंत पावसाआधी सावरावयाची आहे?